सुरेखाचे जाड टायर

माझी बायको मला भर रेसमध्ये, पंक्चर झालेल्या सायकलसकट, रस्त्यात सोडून निघून गेली होती.

बरोबर केलं तिने.

सुरेखा वारली, त्याला आज एक वर्ष झालं. त्या रेसबद्दल मी कधी नीट बोललोच नाही, म्हणून लिहितोय.

रोहा ते पेण. आम्ही दोघांनीही नाव दिलं होतं. मी कंपनीतली शिफ्ट सांभाळून प्रॅक्टिस करायचो. ती अंगणवाडीत शिकवायची, रोज सायकलनेच जायची. तीच तिची प्रॅक्टिस. वय चव्वेचाळीस.

मी खास रेससाठी नवे बारीक टायर आणले. हवा दगडासारखी टाईट.

तिने रोजचेच जाड टायर ठेवले. हवाही बेताची.

"गो, रेस हाय. बाजाराला नाय चाललीस."

"हायवेचं काम चाललंय, बघितलंत ना? खडी, काचा, ट्रकच्या टायरच्या तारा. आधी पोचायला तर पायजे."

आदल्या दिवशी तिने दोन्ही टायर काढून आतून कापसाने पुसले. काही रुतलेलं असेल तर कापूस अडकतो. एका जागी अडकला. केसाएवढी तार निघाली.

"तुमचेपण बघू?"

"नवे कोरे हायेत माझे."

रेसमध्ये मी तिच्या बराच पुढे होतो. खांब गाव सोडलं आणि मागचं चाक बसलं.

घाईघाईत ट्यूब बदलली. टायर आतून चाचपलाच नाही. रुतलेली तार तिथेच होती.

दुसरी ट्यूबही गेली. तिसरी नव्हती.

तेवढ्यात सुरेखा आली. ब्रेक दाबला.

"लागलं काय?"

"नाय."

"मग मी जाऊ?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पेडल मारलं.

रेसच्या मागून येणाऱ्या टेम्पोत सायकल टाकून निघालो. नागोठण्यापर्यंत नुसता धुमसत होतो. मग कडेला एकेक जण दिसायला लागला, सायकल उलटी करून बसलेला. सगळे बारीक टायरवाले.

राग कुठच्या कुठे गेला. हिची हवा टिकली असेल ना?

पेणला पोचलो तर माईकवर तिचंच नाव.

बायकांमध्ये पहिली! एकही पंक्चर नाही.

घामाघूम उभी होती. मला बघून हळूच म्हणाली, "रागावलात?"

"थांबली असतीस तर रागावलो असतो."

तेव्हा अर्धं खोटं बोललो होतो. आज पूर्ण खरं आहे.

शेजारच्या माणसाने विचारलं, "तुम्ही कितवे आलात?"

म्हटलं, "मी हिचा नवरा."

सुरेखा, तुला मनापासून नमस्कार.
समोर होतीस तेव्हा कधी केला नाही.