राखून ठेवलेली रजा

बाळ सातव्या महिन्यातच झालं आणि थेट माणगावच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत गेलं. मी बोर्लीच्या एका पतसंस्थेत कारकून. बाळंतपणाची तीन महिने पगारी रजा. मला कोडं पडलं, ही रजा बाळंतिणीची की बाळाची? बाळ घरी आलेलंच नाही, मग त्याच्या नावाची रजा रोज संपते कशी? मॅनेजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, नियमात बाळ घरीच असतं." नियम करणाऱ्यांच्या घरी सगळी पोरं दिवस भरूनच जन्मली असावीत.

मग मीच डोकं चालवलं. उरलेली रजा बाळ घरी येईल तेव्हासाठी राखून ठेवली आणि सव्वा महिना व्हायच्या आत कामावर हजर झाले. आळीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. नवरा स्वतःचा टेम्पो चालवतो. त्याला ना रजा, ना पगार. धंदा बंद ठेवून तो टेम्पोसकट दवाखान्यापाशीच राहिला. मी जायची ती फक्त रविवारी.

दूध मात्र रोज जायचं. पतसंस्थेत आतून कडी लागणारी खोली एकच, तिजोरीची. तिथे बसून मी दूध काढायची, थर्माकोलच्या खोक्यात मासळीबाजारातला बर्फ भरून त्यात बाटल्या खोचायची आणि खोकं माणगावच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायची. आमच्याकडे डबे, औषधं, लग्नपत्रिका, सगळं असंच जातं. ड्रायव्हर म्हणायचा, "वहिनी, घोर करू नका. मी हाय ना."

एका सोमवारी नवऱ्याने नर्ससमोर खोकं उघडलं, तर आत पापलेटं. त्याच गाडीने कुणीतरी लेकीला मासळी धाडली होती, खोकंही तसंच. स्टँडवर अदलाबदल झाली आणि आमचं दूध त्या लेकीच्या स्वयंपाकघरात गेलं. ते सापडेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं. नर्सने दूध ओतून टाकलं. नवरा फोनवर हे हसत हसत सांगायला लागला आणि मध्येच त्याने फोन ठेवून दिला. मला पापलेटांचा राग आला, ती धाडणाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या हुशारीचा.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला.

"मग बाळ घरी आल्यावर काय करणार?" साहेबांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

"तेव्हाचं तेव्हा बघू," म्हटलं आणि मिळाली त्या गाडीने निघाले. वाटभर एकच विचार, आज त्याला पोटाशी धरायचं.

दवाखान्यात हात धुतले, चपला काढल्या, पेट्यांच्या खोलीच्या दाराशी गेले. तिथली नर्स रविवारी सुट्टीवर असायची, त्यामुळे आमची कधी गाठच पडली नव्हती. तिने दारातच हात आडवा धरला.

"आत फक्त आईवडिलांना सोडतो," ती म्हणाली. "तुम्ही बाळाच्या कोण?"