आईला जलद लय आवडायची

आमच्या समाजात माणूस गेला की त्याला बसवून, फुलांनी सजवून, भजन म्हणत नेतात. लहानपणी गावी, पालमला, अशा अंत्ययात्रेत मी सर्वांत पुढे असायचो. भजनाची लय वाढली की नाचायचो. कॉलेजात सिनेमाच्या गाण्यांचं वेड लागलं. पुढे नोकरीच्या शहरात रागसंगीत ऐकू लागलो, त्यातही संथ आलाप. गावच्या भजनाचा गलका मला सोसेनासा झाला.

गेल्या महिन्यात आई अचानक गेली. अंगणात तिला बसवलेलं पाहूनही मला खरं वाटत नव्हतं. तेवढ्यात टाळ-मृदंग सुरू झाले. मी भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या काकांजवळ गेलो.

"काका, आज शांतता ठेवू. तिला एवढा आवाज नको."

"तिला नको का तुला नको?" वाजवता वाजवताच ते म्हणाले. "परवा सोमवारी इथंच बसून म्हणली, लय हळू वाजवायलाव तुमी, झोप यायलीय मला."

भोवतीच्या बायका रडता रडता हसल्या. फोनवर मी आईला माझ्या आवडीचे आलाप ऐकवायचो आणि ती "छान हाय" म्हणायची. तिला काय ऐकायला आवडतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मृदंग घुमत होता. माझा पाय आपोआप ठेका धरू लागला. आईसमोर! मी तो जमिनीवर दाबून धरला, तरी थांबेना.

"काका," मी म्हणालो, "अजून जलद घ्या."