कार्यालयाची भिंत

फोन आला तेव्हा मी कळसाडीत कपाशीला पाणी देत होतो. "सामुवेलदादा गेले," एवढंच कळलं. फोन खिशात ठेवला आणि उरलेल्या सऱ्या भिजवल्या. महिना उलटला, अजून रडू आलेलं नाही...

विसरवाडीजवळच्या एका गावात ते सरपंच होते, मी ग्रामसेवक. रुजू झालो त्याच आठवड्यात मी कार्यालयात गणपतीची तसबीर लावली. दुसऱ्या दिवशी डोंगरपाड्यावरची एक म्हातारी दाखल्यासाठी आली आणि चपला काढून दाराबाहेरच उभी राहिली. तिला वाटलं, इथे आता देऊळ झालं. आपल्याला आत घेतील की नाही? दादांनी तिला हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली. संध्याकाळी तसबीर दोन्ही हातांत धरून ते माझ्या खोलीवर आले. पूर्वेची भिंत कोणती ते विचारलं, दगडाने स्वतः खिळा ठोकला. "तुम्हना देव घर ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. तठे हापिसमा दाखला लेवाले कोनबी येस."

दादा ख्रिस्ती. शेवटी माणूस आपल्या वळणावर गेलाच, असं मी मनात म्हटलं आणि पुढे कामापुरतंच बोलत राहिलो. मग नाताळ आला. आपलाच सरपंच, या हक्काने चर्चच्या तरुणांनी कार्यालयाच्या दारावर चांदणी टांगली. दादांनी ती उतरवायला लावली. त्या सणाला सख्खा भाऊ त्यांच्याकडे जेवायला आला नाही. धर्मनिरपेक्षतेवर मी खात्याच्या परीक्षेत पानभर लिहून आलो होतो. अर्थ त्या दिवशी कळला. लाज वाटली. माफी मागू, मागू म्हणत बदली झाली, नोकरीही संपली...

शोकसभा कार्यालयातच होती. भिंतीवर दादांचा फोटो, हार, उदबत्ती. "देवमाणूस होता, फोटो कायम इथेच ठेवू," नवे सरपंच म्हणाले. माना डोलल्या. मी उठलो. "दादांनी माझा गणपती इथे राहू दिला नव्हता, स्वतःच्या नाताळची चांदणीही नाही," एवढं बोललो आणि फोटो उतरवला. कोणी अडवलं नाही. दोन्ही हातांत धरून तो त्यांच्या घरी नेला, मरियमवहिनींना भिंत विचारली, अंगणातला दगड घेऊन खिळा ठोकला.

"बरं कयं, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. माफीचं तेव्हाही राहूनच गेलं.

कळसाडीच्या घरात माझा गणपती दादांच्याच खिळ्यावर आहे. खोली सोडताना तो मी उपटून बरोबर आणला होता. जरा वाकलाय, पण धरून आहे.