गुडघ्यावरचा डाग

गेल्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, मी दवाखान्यात एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलले. कारण चांगलं आहे असं तेव्हा वाटलं होतं...

आमचा दवाखाना वाशीमपासून जवळच. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मी एकटी. नागपूरला तीन वर्षं नर्सिंग शिकले. जखम धुणं, पट्टी बांधणं, मोजणं आणि मोजलेलं लिहिणं मला नीट येतं. बोलणं फारसं येत नाही.

नामदेव इथल्याच एका मळ्यातला. घरी वांगी-मिरची पिकते, वय चोवीस. नागपूरच्या एका मिलच्या टीमकडून फुटबॉल खेळायचा आणि त्याचाच पगार घ्यायचा. मिलच्या कागदावर तो विणकर होता, पण मागाला त्याने कधी हात लावला नव्हता.

पावसाळ्यातल्या एका मॅचमध्ये वळताना त्याचा पाय चिखलात रुतला आणि गुडघा फिरला. दीड महिना पाय हलवायचा नाही असं सांगून मिलच्या डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. तीन आठवडे झाले तरी सूज उतरेना, तेव्हा त्याच्या वडिलांनी डाग दिला.

इकडे बैलाचा गुडघा सुजला की लोखंड लाल करून त्यावर टेकवतात. नामदेवच्या वडिलांचा हात त्यात बसलेला, आजूबाजूच्या गावांतून लोक त्यांच्याकडे बैल घेऊन येतात. बैल आठ दिवसांत चालायला लागतो, मग माणूस का नाही... 'द्या' असं नामदेव स्वतःच म्हणाला होता. त्याला लवकर मैदानावर परतायचं होतं.

डाग पिकला, पू सांध्यात उतरला. त्याला माझ्याकडे आणलं तेव्हा ताप एकशे चार होता. अकोल्याला नेऊन सांधा चिरला, सल्फाच्या गोळ्या दिल्या, पाय वाचला. गुडघा आता वीस अंश वाकतो... उकिडवं बसता येत नाही, तिथे फुटबॉलचं काय.

परत आल्यावर तो रोज ड्रेसिंगला येऊ लागला. मी काम करायची, तो बोलायचा. "बाई, तुमी रेफ्री व्हायले पाह्यजे होतं. हासत नाही, अन् कोनाचं आयकत नाही."

एकदा म्हणाला, "खेळत होतो तवा मले गुडघा हाये हे ठाऊकच नव्हतं. आता दिवसभर तोच हाये."

बैल डागाने खरंच बरा होतो का, असं मी एकदा विचारलं. "चालते, बाई. मांगून टोचलं तं चालनच. दुखते का म्हनून त्याले कोन इचारते? मीबी सुजल्या पायानं दोन मॅचा खेळलो होतो आंधी. गोल झाला, लोकायनं खांद्यावर घेतलं. पायाचं कोनी इचारलं नाही... म्याबी नाही."

मग त्याने मला एक गोष्ट मागितली. "बा येईन तुमाले इचाराले. सांगजा, का गुडघा खेळातच गेला होता. बुढा जेवून नाही राह्यला."

त्या सोमवारी त्याचे वडील आले. दारातच उभे राहिले. "नर्सबाई, खरं सांगजा. माह्या डागानं गेला का पोराचा पाय?"

गुडघा डागानेच गेला होता. मुरगळलेला सांधा विश्रांतीने पुष्कळसा भरून आला असता, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "नाही. मार आधीच खोल होता."

ते पायरीवर बसले. मग उठून म्हणाले, "म्हंजे डागात दोष नाही." मी मान डोलावली...

परवा शेजारच्या मळ्यातल्या एक बाई आल्या. त्यांच्या गुडघ्यावर तसाच रुपयाएवढा गोल डाग, कडेने पू. कोणी दिला म्हणून विचारलं.

"नामदेवच्या बापानं. मी भेत होती, पन थे म्हने, नर्सबाईनंच सांगतलं का डागात दोष नाही. मंग भ्याचं कायले?"

मी जखम धुतली. नामदेव बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत बोलावून सगळं सांगितलं. तो आपल्या पट्टीवर हात ठेवून म्हणाला, "तुमाले खोटं बोलाले म्याच लावलं. खरं मीच सांगतो." मी त्याच्याबरोबर जायला हवं होतं. गेले नाही.

काल तो आला तेव्हा वडील काय म्हणाले ते विचारलं. "काई नाही. वांग्याले पानी देऊन राह्यला होता... देतच राह्यला."

आज सकाळी दवाखाना उघडला तर दारात तीन माणसं. एकाचा खांदा, एकाची पोटरी, एका आजीची पाठ... तिघांनाही याच महिन्यात डाग दिलेला. त्यांच्या मागे नामदेवचे वडील उभे होते. ज्यांना डाग दिले त्यांच्या घरी स्वतः जाऊन त्यांनी माणसं गोळा केली होती.

मी म्हणाले, "काका, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आंधी या लोकायले पाहा, बाई."

आजीची पाठ सर्वांत वाईट होती, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत नामदेवचे वडील बाकावर बसून होते, तिघांचं ड्रेसिंग झाल्यावरच उठले... या माणसाला खरं सोसणार नाही, हे मी कशावरून ठरवलं होतं, ते मला अजून सांगता येत नाही.