मोटरवर फोडलेला नारळ

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात स्टीलचे पत्रे दाबणारं मशीन आहे. त्याची मोटर ड्राइव्हवर चालते. ड्राइव्ह म्हणजे मोटरला हवा तेवढाच करंट देणारा डबा. तो रुसला की मला बोलावतात. म्हणून दसऱ्याच्या पूजेला नारळ फोडायचा मानही माझाच. त्या वर्षी फुशारकीत मी तो मोटरच्या पायाशी न फोडता थेट तिच्या अंगावर फोडला. टाळ्या पडल्या.

सुट्टीनंतर मशीन सुरू केलं, तर ड्राइव्ह लगेच बंद पडायला लागला. त्याच्या पडद्यावर एकच तक्रार: करंट जमिनीत जातोय. मी पोचलो तेव्हा शेठ मशीन चालवणाऱ्या काकांवर उखडले होते. काका पेणकरपाड्याचे. सगळी उमर त्या मशीनपाशी गेलेली, दुसरं काम येत नव्हतं.

मी नेहमीच्या क्रमाने गेलो. मोटरच्या वायरी सोडवून ड्राइव्ह रिकामा चालवला, ठणठणीत. मग करंटची गळती दाखवणारं मीटर, मेगर, लावून मोटर तपासली; काटा शून्याला चिकटला, म्हणजे गळती मोटरमध्येच. मोटरच्या अंगावर वायरी जोडतात त्या डबीचं झाकण काढलं. आत चिकट ओल, कुंकू आणि नखाएवढा खोबऱ्याचा तुकडा. झाकणाचा एक स्क्रू मागच्या खेपेला मीच लावायचा विसरलो होतो.

तुकडा फडक्यात गुंडाळून मी खिशात टाकला.

"पाणी शिरलंय," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"पाईप से धोया होगा इसने," शेठ म्हणाले.

"साहेब, तुमी तरी सांगा यांना," काका मला म्हणाले. "मी फडक्यानं पुसतो. पाईप लावला न्हाय."

मी ब्लोअरने डबी सुकवत होतो. ब्लोअरचा आवाज मोठा असतो. मी मान वर केली नाही.

काकांना त्याच दुपारी काढलं. मोटर चालू झाली. मी रिपोर्टवर सही घेतली, शांती नगरला घरी आलो आणि व्यवस्थित जेवलो. लाज वाटेल म्हणून वाट बघितली. काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाही, आणि भीती वाटते ती फक्त त्याचीच.

काका आता आमच्या समोरच्या सोसायटीत वॉचमन आहेत. मी दिसलो की खुर्चीतून उठतात, बरं हाय ना म्हणून विचारतात. त्या दिवशी ब्लोअरच्या आवाजात मला त्यांचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं, असं ते धरून चाललेत.

पुढच्या दसऱ्याला शेठनी नारळ पुन्हा माझ्याच हातात दिला. मी तो दाराबाहेर नेऊन फोडला, मोटरपासून लांब. का, ते कोणी विचारलं नाही.