शेवटच्या पानावरचं मत

आमच्या वाचनालयात कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणारे पेन्सिलीने आपलं मत लिहून ठेवतात. मीही लिहिते. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण मत द्यायला तेवढी पुरते. एका रहस्यकथेवर लिहिलं, ‘खुनी आधीच ओळखला, तरी भाजी करपली.’ एका ऐतिहासिकवर, ‘लढाया फार. ही माणसं जेवतात कधी?’ आमचे हे होते तेव्हा त्यांनाच सगळं ऐकवायची, ते नुसते ‘हं’ म्हणायचे. आता पानालाच सांगते.

काल एक कौटुंबिक कादंबरी दुसऱ्यांदा आणली. मागे माझंच अक्षर, ‘सून घर सोडते तिथे फार रडले.’ खाली दुसऱ्या कुणाचं तरी, ‘रडलात कशाला? सुटली बिचारी!’

आधी रागच आला. मग ते प्रकरण पुन्हा काढून वाचलं. खरंच की, सून चप्पल घालते आणि मागे वळूनही बघत नाही. मी रडले होते ती तिच्यासाठी नव्हेच, मागे राहिलेल्या सासूसाठी. इतकी वर्षं वाचतेय, पण मला उलट विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. फार बरं वाटलं बाई.

खाली लिहिलं, ‘सुटली, कबूल. पण सासूशी आता बोलणार कोण?’

आज पुस्तक परत करताना ग्रंथपाल सुनीताला म्हटलं, “हे कपाटात नको गं, टेबलावर समोरच ठेव.”

“एवढी चांगली आहे, आजी?”

“छे, बेताचीच आहे. पण आमचं बोलणं अर्धवट राहिलंय.”