पुलापलीकडची तुकडी

ती कपडे शिवायची, पण डोक्यात सदैव कुठली ना कुठली लढाई पेटलेली असायची. गिऱ्हाईक आरशासमोर हात पसरून उभं असलं, की खांद्याचं माप घेता घेता ती मध्येच म्हणायची, "माहितीये, जुन्या काळचे भालाईत असेच खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. एकाची ढाल शेजारच्याला झाकायची. एक जण हलला की रांगेला खिंडार!"

"ताई, मला फक्त कोट हवाय हो," गिऱ्हाईक काकुळतीला यायचं. ती हसायची आणि टाचण्या दातांत धरून पुन्हा कामाला लागायची.

हे वेड तिने माहेराहून आणलं होतं. वडिलांचं रद्दीचं दुकान. कोणीतरी घर बदलताना युद्धांच्या इतिहासाची पोतंभर पुस्तकं टाकून गेलं आणि ही ती विकली जाण्याआधी वाचायच्या मागे लागली. वडील तराजू घेऊन पुढे, ही पुस्तक पोटाशी धरून मागे. हत्तींच्या झुंडी, गढ्यांचे वेढे, खंदकांतली लढाई, रणगाड्यांची धूळ, सगळं तिने त्या रद्दीच्या ढिगाऱ्यावर बसून पाहिलं.

लग्न ठरलं तेव्हा कळलं, होणारे सासरे तरुणपणी सैन्यात होते. तिला आकाश ठेंगणं झालं. नवरा छापखान्यात कामाला होता, त्याच्याबद्दल तिने फारसं विचारलंसुद्धा नाही. घरात आल्या आल्या तिने सासऱ्यांना गाठलं.

"बाबा, तुम्ही कुठल्या लढाईत होता?"

"मी लढाईत नव्हतो," म्हातारा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "मी बटाट्यांत होतो. रसदीचा ट्रक चालवायचो."

विषय संपला. पुढे कित्येक वर्षं दोघांचं बोलणं चहा झाला का आणि दिव्याचं बिल आलं का, याच्यापलीकडे गेलं नाही.

मग एका संध्याकाळी सासरे पॅन्टची उंची कमी करून घ्यायला तिच्या शिवणाच्या दुकानात आले. कापड बेतायच्या टेबलावर तिने बटणांचं सैन्य मांडलं होतं. पांढरी बटणं पायदळ, काळी मोठी बटणं हत्ती. दोन हजार वर्षांपूर्वी एका सेनापतीने आपल्या रांगांमध्ये गल्ल्या ठेवून चाल करून आलेल्या हत्तींना सरळ मागे जाऊ दिलं होतं, ती लढाई.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "यांच्या खाण्याचं काय?"

"कोणाच्या?"

"या हत्तींच्या. एवढी जनावरं इथवर आणली, ती काय हवा खाऊन आली?"

इतकी पुस्तकं वाचली, पण हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता! सासऱ्यांनी तिच्या हातातला खडू घेतला आणि टेबलावर रस्ते काढायला सुरुवात केली. इथे पाणी, इथे चारा, इथे गाडी चिखलात रुतणार. "आधी पोटोबा, मग लढोबा," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एकदम हसले.

त्यानंतर रोज दुकान बंद झालं की टेबलावर रणधुमाळी. ती सांगायची, एका सेनापतीने आपली मधली फळी मुद्दाम मागे सरकू दिली आणि आत घुसलेल्या शत्रूला दोन्ही बाजूंनी गिळलं. ती सांगायची, घोडेस्वार पळाल्याचं सोंग करायचे आणि पाठलाग करणारे दमले की उलटायचे. ते म्हणायचे, "घोडे बदलायला जास्तीचे होते म्हणून जमलं!" ती रणगाड्यांचं कौतुक करायची. ते म्हणायचे, "डिझेल संपलं की रणगाडा म्हणजे लोखंडी कपाट." नवरा जेवणासाठी हाका मारून थकायचा.

अशात गावच्या वाचनालयाने पटावरच्या युद्धाची, म्हणजे सोंगट्या आणि फाशाने खेळायच्या लढाईची, स्पर्धा जाहीर केली. जोडी हवी होती: एकाने सैन्य चालवायचं, दुसऱ्याने रसद. तिने सासऱ्यांना न विचारता दोघांची नावं घातली.

"माझं नाव खोड," ते गुरकावले.

"पेनाने लिहिलंय बाबा."

पहिल्या फेऱ्या त्यांनी सहज मारल्या. अंतिम सामना गेल्या वर्षीच्या विजेत्याशी होता, दातांच्या डॉक्टरशी; त्याची रसद त्याचा कंपाउंडर बघायचा. गडी मोठा दिलदार, पण पटावर वादळ. त्याचे जड घोडेस्वार सरळ अंगावर यायचे आणि समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची.

"आपण माघार घ्यायची," आदल्या दिवशी ती उत्साहाने म्हणाली. "त्याला आत ओढायचं, धान्य जाळत मागे यायचं, नदी ओलांडायची आणि पूल पाडायचा!"

सासऱ्यांनी खडू खाली ठेवला. "माघार नको."

"का?"

"मी एका माघारीत होतो." ते टेबलाकडे बघत बोलू लागले. जखमींनी भरलेला ट्रक त्यांनी पुलावरून अलीकडे आणला होता. पाठोपाठ आपल्याच सैन्याने पूल उडवला. त्यांचा जोडीदार दुसऱ्या ट्रकसह पलीकडेच राहिला. "पूल उडवणाऱ्याचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण तो हॉर्न वाजवत होता गं."

तिने खडू उचलून त्यांच्या हातात दिला. "मग तुम्हीच सांगा, माघार कशी घ्यायची."

म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि आखायला घेतलं. आधी जखमी, मग गाड्या, मग पायदळ. शेवटची तुकडी आल्याशिवाय पुलाला हात लावायचा नाही.

वाचनालयाचा हॉल खचाखच भरला होता. डॉक्टरांनी पहिल्याच खेळीत घोडेस्वार सोडले. ती मागे सरकली. लोक कुजबुजले. ती आणखी मागे सरकली, आणि सासरे वाटेतल्या धान्याच्या सोंगट्या एकेक उचलत गेले. डॉक्टर पुढे, पुढे, आणखी पुढे! एकेक करून सगळं सैन्य पुलाअलीकडे आलं. एकच तुकडी पलीकडे राहिली, आणि डॉक्टरांचे स्वार तिच्या पाठीवर.

"पूल पाडता?" पंचांनी विचारलं.

पाडला असता तर डाव तिचाच होता. एका तुकडीची किंमत ती काय! तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते नुसते टेबलाची कड घट्ट धरून उभे होते.

"नाही," ती म्हणाली. "थांबतो."

हॉलमध्ये एकच गलका झाला. आता सगळं डॉक्टरांच्या फाशावर. मोठं दान पडलं तर स्वार तुकडीसकट पुलावर! डॉक्टरांनी फासा खुळखुळवला, फुंकर मारली, टाकला. तो गरगर फिरत टेबलाच्या कडेला गेला, थबकला आणि पडला. दोन!

"ये, ये, ये!" म्हातारा ओरडला. तिने शेवटची तुकडी अलीकडे आणली.

"पाडा पूल!" आरोळी सासऱ्यांचीच होती.

पुढचं झटपट झालं. डॉक्टरांच्या स्वारांना मागे दाणा नव्हता, पुढे वाट नव्हती. नियमाप्रमाणे उपाशी सोंगट्यांची चाल निम्मी. ती वरच्या अंगाला लांबवर असलेल्या उथळ पाण्यातून नदी ओलांडून गेली आणि तिने त्यांना दोन्ही बाजूंनी आवळलं. डॉक्टरांनी हात वर केले. "शरण! बाई, तुम्ही मला उपाशी मारलंत!"

छापखान्यातून धावत आलेल्या नवऱ्याला दारातून दिसलं ते इतकंच, की आपले वडील खुर्चीवर चढून टाळ्या पिटतायत आणि बायको खाली त्यांचे पाय धरून "बाबा, पडाल, पडाल!" म्हणून ओरडतेय.

डॉक्टरांनी म्हाताऱ्याला खाली उतरवून मिठी मारली. "पुढच्या वर्षी माझी रसद बघा ना काका."

"आधी माझी कवळी नीट बसवून द्या," म्हातारा म्हणाला, "मग फितुरीचं बघू!"

"बाबा!" ती किंचाळली.